विज्ञानकथेवरची चर्चा भरकटते कुठे? या चुका टाळा

पहिली चूक चर्चेच्या आधीच होते: सगळ्यांनी एकच मजकूर वाचलेला नसतो. डॅनियल कीज यांची 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन' १९५९ साली कथा म्हणून आली, १९६६ साली तिचीच कादंबरी झाली. नायक चार्लीच्या आईवडिलांचा भाग खऱ्या अर्थाने कादंबरीतच आहे, त्यामुळे कथा वाचून आलेले गप्प बसतात. मेरी शेली यांच्या 'फ्रँकेनस्टाइन'मध्ये १८१८ च्या आवृत्तीत एलिझाबेथ ही नायक व्हिक्टरची आतेबहीण आहे, १८३१ च्या आवृत्तीत ती बाहेरून आणलेली अनाथ मुलगी. म्हणून चर्चेचा निरोप पाठवतानाच आवृत्तीचं साल आणि अनुवादकाचं नाव लिहा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे विज्ञानाच्या चुका काढत बसणं. टॉम गॉडविन यांची 'द कोल्ड इक्वेशन्स' (१९५४) घ्या. सहा माणसांसाठी औषध नेणारं छोटं यान, नेमकं मोजून भरलेलं इंधन, आणि भावाला भेटायला लपून बसलेली अठरा वर्षांची मुलगी. तिच्या वजनासह यान सुखरूप उतरणार नाही, म्हणून तिला बाहेर अवकाशात सोडावं लागतं. 'दाराला कुलूप का नव्हतं?' यावरच तास जातो.

हे आक्षेप उडवून लावू नका, ते फार मोलाचे आहेत. फळ्यावर दोन रकाने करा: 'निसर्गाचा नियम' आणि 'माणसाचा निर्णय'. वजन वाढलं की इंधन जास्त लागतं, हे पहिल्यात. राखीव इंधन न देणं, उड्डाणाआधी यान न तपासणं, दारावरच्या पाटीवर शिक्षा न लिहिणं, हे सगळं दुसऱ्यात. पंधरा मिनिटांत दुसरा रकाना भरतो, आणि मग खरा प्रश्न पुढे येतो: माणसांनी घेतलेले निर्णय लेखक निसर्गनियमासारखे का मांडतो? मुलगी वाचू नये म्हणून संपादक जॉन कॅम्पबेल यांनी ही कथा पुन्हा पुन्हा लिहून घेतली होती. ही माहिती शेवटीच सांगा. आधी सांगितली की सगळे तेवढंच धरून बसतात.

'भाकीत खरं ठरलं का?' हा प्रश्नही लवकर सोडा. एच. जी. वेल्स यांच्या 'द टाइम मशीन'मधलं ८,०२,७०१ हे साल कुणी पडताळणार नाही. तिथले जमिनीखाली राबणारे मॉरलॉक १८९५ च्या इंग्लंडमधल्या कोणत्या माणसांवरून आले, ते विचारा.

गट आठ-दहा जणांचा ठेवा. सुरुवातीला प्रत्येकाने कथेतलं एकच वाक्य, पान क्रमांकासह, वाचून दाखवावं. ज्याने फक्त सिनेमा पाहिलाय तो इथेच कळतो.