पॉइंट्सवर मालदीव करायचंय? आधी सीप्लेनचं बघा, खोलीचं नंतर

मालदीवला पॉइंट्सवर, म्हणजे पैशांऐवजी हॉटेलचे जमवलेले पॉइंट्स देऊन, राहून आलो म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, म्हणजे सगळं फुकट? नाही हो. फुकट फक्त खोली. आणि नेटवर जे सल्ले फिरतात ना, कार्ड घ्या, पॉइंट्स जमवा, बुक करा, झालं, त्यात सगळ्यात खर्चिक आणि सगळ्यात डोक्याला ताप देणाऱ्या गोष्टीचं नावच नसतं. ती गोष्ट म्हणजे माले विमानतळापासून तुमच्या बेटापर्यंत पोचणं. मी आत्तापर्यंत चार वेळा गेलेय, एकदा सासू-सासऱ्यांना घेऊन, आणि दर वेळी ट्रिप गोड होणार की कडू हे त्या एका गोष्टीवर ठरलंय. म्हणून माझा क्रम उलटा आहे, आधी बेटावर कसं जायचं, मग विमान, मग खोली.

पॉइंट्स

हे थोडक्यात उरकते. मॅरियट या हॉटेल कंपनीचे पॉइंट्स भारतात बसून जमवणं सगळ्यात सोपं, एचडीएफसीचं मॅरियट बॉनवॉय कार्ड आहे, अमेक्स म्हणजे अमेरिकन एक्सप्रेस कार्डाचे पॉइंट्सही तिकडे वळवता येतात. हिल्टनचं खातं फुकट उघडता येतं आणि घरातल्यांचे पॉइंट्स एकत्र करता येतात. मॅरियटमध्ये वर्षाला १ लाख पॉइंट्सपर्यंत दुसऱ्याच्या खात्यात देता येतात, नवरा-बायको दोघांचे साठत असतील तर हे लक्षात ठेवा.

एकच कडक सूचना. बँकेचे पॉइंट्स हॉटेलकडे वळवले की परत येत नाहीत. त्यामुळे ज्या तारखांना खोली दिसतेय त्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय वळवू नका. "आत्ता ऑफर आहे म्हणून घेऊन ठेवते" करणाऱ्या दोन मैत्रिणींचे पॉइंट्स आजही तसेच पडून आहेत.

बेटावर जायचं कसं

इथे नीट वाचा.

मालदीवमध्ये बहुतेक रिसॉर्टचं स्वतःचं अख्खं बेट असतं, त्यामुळे टॅक्सी करून पोचलो असं नसतं. तीन पर्याय. जवळ असेल तर स्पीडबोट, लांब असेल तर सीप्लेन, म्हणजे पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं छोटं विमान, आणि अगदी दक्षिणेला वगैरे असेल तर देशांतर्गत विमान आणि पुढे बोट. आणि पॉइंट्सवर बुक केलं तरी याचे पैसे वेगळे, रोख, डॉलरमध्ये, माणशी. सीप्लेनचं जाऊन-येऊन साधारण ४०० ते ७०० डॉलर एका मोठ्या माणसाचं. दोघांचं मधलं ५५० धरा, ११०० डॉलर झाले, डॉलर नव्वद रुपये धरला तर ९९ हजार. लाखभर रुपये फक्त विमानतळावरून हॉटेलला जायचे. लोक खोलीचे पाच-दहा हजार पॉइंट्स वाचवायला महिनाभर कॅलेंडर चाळत बसतात आणि हा आकडा त्यांना बुकिंग झाल्यावर ईमेलमध्ये कळतो.

पैशापेक्षा वाईट म्हणजे वेळ. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, पाण्यावर उतरायचं असतं, पायलटला लाटा डोळ्यांनी दिसायला लागतात. म्हणून बरीच रिसॉर्ट सांगतात की तुमचं विमान दुपारी साडेतीनच्या आत मालेला उतरलं पाहिजे. हे मी पहिल्या वेळी वाचलं होतं, पण "साडेतीनच्या आत" म्हणजे दोन पन्नासला उतरलं तरी चालेल असा हिशोब केला आणि चार हजार रुपये वाचतात म्हणून दक्षिणेतल्या एका शहरात विमान बदलून जायचं तिकीट काढलं. दुसरं विमान तासभर लेट झालं, इमिग्रेशनला रांग, सामान यायला वेळ, रिसॉर्टच्या काउंटरवर पोचलो तेव्हा चार वीस. तिथला मुलगा अतिशय नम्रपणे म्हणाला, मॅडम, टुमॉरो मॉर्निंग. बाहेर ऊन लख्ख होतं, समोर पाणी दिसत होतं, आणि जाता येत नव्हतं. रात्र विमानतळाजवळच्या हुळहुमालेच्या एका साध्या हॉटेलात काढली, त्याचे पैसे वेगळे, आणि तिकडे बेटावर आमची पॉइंट्स देऊन घेतलेली खोली रिकामी. त्या रात्रीचे पॉइंट्स परत मिळाले नाहीत, मिळणारही नव्हते, चूक माझी होती. नवरा काही बोलला नाही पण सकाळी सहा वाजता सीप्लेन टर्मिनलला बसलो तेव्हा त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हापासूनचा माझा नियम, सीप्लेनवालं बेट असेल तर मालेला दुपारी एकच्या आत उतरणारं थेट विमान, नसेल तर ते बेटच नको. मुंबईहून थेट विमानाला तीनेक तास लागतात, मालेचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे आहे, त्यामुळे सकाळचं विमान घेतलं की आरामात जमतं. एक दीड वाजता उतरून "दोन तास आहेत की हातात" म्हणणारे असतात, त्यांना सांगते की ते दोन तास तुमचे नसतातच, सीप्लेन ठरलेल्या वेळेची बस नाही, तीन-चार रिसॉर्टची माणसं गोळा करून निघतं, वाटेत एखाद्या बेटावर थांबतं, लाउंजमध्ये दोन तास बसणं अगदी नेहमीचं आहे.

परतीचंही तेच. पहिली सीप्लेनं उजाडल्यावर निघतात, म्हणजे मालेहून सकाळी लवकरचं परतीचं विमान असेल तर आदल्या दिवशीच बेट सोडावं लागतं. परतीचं विमान दुपारचं घ्या. शिवाय काही रिसॉर्ट आपलं घड्याळ मालेपेक्षा एक तास पुढे ठेवतात, संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून. सीप्लेनची वेळ रिसॉर्ट आदल्या दिवशी कळवतं, ती बेटाच्या घड्याळाची की मालेच्या, हे विचारूनच झोपा.

सामान २० किलो आणि हातात ५ किलो, जास्त झालं तर किलोमागे पैसे. ते खरंच काट्यावर ठेवतात, हँडबॅगसकट. सासूबाईंनी लाडू-चिवड्याचे डबे हातातल्या पिशवीत घेतले होते, काट्यावर ८ किलो भरली, तिथेच उघडून अर्धं सुटकेसमध्ये कोंबलं. आणि आवाज फार असतो, कानात घालायला बोळे देतात ते घ्या. पायलट अनवाणी असतो, घाबरू नका, पाण्यात काम आहे त्याचं. एकदा वर गेलं की मात्र खाली जे दिसतं, निळ्यात निळं आणि मधे पांढरी कडी, त्यासाठी एकदा तरी सीप्लेन करावं असं माझं प्रामाणिक मत आहे. सासरे आयुष्यात पहिल्यांदा खिडकीला कपाळ टेकवून पंचवीस मिनिटं गप्प बसले होते.

मग कोणतं बेट? पहिल्यांदा जाताय, लहान मूल किंवा वयस्कर माणसं आहेत, किंवा विमान संध्याकाळचं आहे, तर स्पीडबोटवालं बेट घ्या, अजिबात विचार करू नका. मॅरियटमध्ये शेरेटन फुल मून, हिल्टनमध्ये अमिंगिरी आणि साई लगून, ही पंधरा-वीस मिनिटांच्या टप्प्यात आहेत, आणि अशा जवळच्या बेटांना बोट रात्रीही जाते. आयएचजी या हॉटेल कंपनीचं हॉलिडे इन कंडूमा जरा लांब, पाऊण तास. तुमचं मन लांबच्याच बेटावर असेल, म्हणजे सेंट रेजिस वोम्मुली, वेस्टिन मिरियांधू, ले मेरिडियन किंवा हिल्टनचं कॉनराड रंगाली, तर सीप्लेनचे पैसे आधी बाजूला काढा आणि मग पॉइंट्स मोजा. हयातचं पार्क हयात हडहा तर तासाभराचं देशांतर्गत विमान आणि पुढे बोट असं आहे.

बुक करायच्या आधी रिसॉर्टला एक मेल टाका, उत्तर देतात. विचारायचं एवढंच, जाण्या-येण्याचे माणशी किती आणि त्यात टॅक्स धरलाय का, मुलांचं कितव्या वर्षापर्यंत अर्धं, उतरायची शेवटची वेळ काय, परतीचं सगळ्यात लवकरचं किती वाजता, आणि सीप्लेन चुकलंच तर दुसरा काही मार्ग आहे का, कारण काही बेटांना देशांतर्गत विमान आणि बोटीचा पर्याय असतो आणि ते रात्रीही चालतं. उत्तर जपून ठेवा, बिलाच्या वेळी उपयोगी पडतं.

खोली शोधणं

पाच रात्री घ्या. मॅरियटमध्ये पाच रात्रींत सगळ्यात स्वस्त रात्र फुकट मिळते, हिल्टनमध्ये सिल्व्हर किंवा वरचं स्टेटस (सभासदांची वरची पायरी) असेल तर पाचवी फुकट. चार रात्री राहणं म्हणजे तेवढ्याच पॉइंट्समध्ये एक रात्र सोडून देणं, आणि जायचा यायचा खर्च तर तेवढाच.

पाच रात्री एकदम शोधल्या आणि काहीच दिसलं नाही तर बंद करू नका, मधली एकच रात्र अडलेली असते बऱ्याचदा, एकेक रात्र शोधून कोणती ते बघा आणि दोन दिवस मागेपुढे सरका. मॅरियटमध्ये पॉइंट्सचा आकडा तारखेप्रमाणे बदलतो, ठरलेला तक्ता नाही. डिसेंबरअखेर तर विचारच करू नका, पॉइंट्स गगनाला भिडलेले असतात आणि वर बऱ्याच रिसॉर्टमध्ये २४ आणि ३१ डिसेंबरच्या जेवणाचे पैसे सक्तीचे असतात, पॉइंट्सवर राहिलात तरी.

मला विचाराल तर मे ते नोव्हेंबर. पाऊस असतो, पण आपण कोकणातला पाऊस बघितलेली माणसं, तासभर कोसळतो आणि ऊन पडतं, काही वेळा दोन दिवस सलग लागतो हेही खरं. पण त्याच दिवसांत बा अटोलला (अटोल म्हणजे बेटांचं गोल कडं) हनिफारू बे मध्ये मांटा रे नावाचे मोठे चपटे मासे जमतात, तिथे डायव्हिंगला बंदी आहे, फक्त मास्क लावून वर तरंगत बघायचं. दोन हात अंतरावरून चटईएवढा मासा तोंड उघडून गेला आणि मी श्वास घ्यायची विसरले. वेस्टिन त्याच अटोलमध्ये आहे.

रद्द करायची मुदत बघा. सीझनला ३० दिवस किंवा त्याहून जास्त आधी कळवावं लागतं, नंतर रद्द केलं तर पॉइंट्स गेले किंवा दंड बसला.

कागदपत्रं

व्हिसा पोचल्यावर फुकट. इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म विमानाच्या आधी ९६ तासांत भरायचा, तोही फुकट, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका. दारू आणि डुकराचं मांस नेऊ नका, व्हेपसुद्धा नाही.

जेवण आणि टॅक्स

मेनूवर किमतीपुढे प्लस प्लस लिहिलेलं असतं. म्हणजे आधी १० टक्के सर्व्हिस चार्ज, मग त्या सगळ्यावर १७ टक्के टॅक्स. ४० डॉलरचा बर्गर बिलात साडेएक्कावन्नला येतो. शिवाय ग्रीन टॅक्स, २०२५ पासून माणशी रात्रीला १२ डॉलर, दोघांचे पाच रात्रींचे १२०, हा पॉइंट्सवरही चुकत नाही.

त्यामुळे नाश्ता फुकट मिळणारं स्टेटस असेल तर ते वापरा, हिल्टन गोल्डला कॉनराडसारख्या ठिकाणी दोघांना मिळतो. आम्ही नाश्ता साडेदहाला भरपेट करतो, दुपारी खोलीतल्या किटलीवर उपम्याचं नाहीतर पोह्याचं तयार पाकीट, आणि रात्री एकदाच नीट जेवण. यात लाजण्यासारखं काही नाही. शाकाहारी असाल तर आधी कळवा, स्वयंपाकघरात बऱ्याचदा भारतीय शेफ असतो आणि तो आनंदाने वरणभाताचं करून देतो.

निघताना

बिल आदल्या रात्री मागा, सकाळी नाही. एकेक ओळ बघा, ग्रीन टॅक्सच्या रात्री किती लावल्यात, जायचे यायचे पैसे मेलमध्ये सांगितले तेवढेच आहेत का. तिसऱ्या वेळी आमच्या बिलात एका रात्रीचं खोलीचं भाडंच लागलं होतं, पॉइंट्सची नोंद त्या रात्रीला जोडायची राहिली होती, दाखवल्यावर दहा मिनिटांत काढलं. सकाळी हेच झालं असतं तर एकीकडे सामान जेट्टीवर गेलेलं, सीप्लेनची वेळ झालेली, आणि रिसेप्शनवरच्या मुलीला मॅनेजर उठवून आणायला बेटाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं असतं.