सेंद्रिय वाइन विकत घेताना: लेबल वाचण्यापासून बाटली निवडण्यापर्यंत

सेंद्रिय वाइन शोधणारा ग्राहक बहुधा दोन वेगळे प्रश्न एकत्र करतो. द्राक्षे कशी पिकवली, हा पहिला प्रश्न आणि वाइन चांगली आहे का, हा दुसरा. बाटलीवरचे प्रमाणपत्र फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि ते नीट वाचता आले तर खात्रीशीर देते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रदेश, उत्पादक, साल आणि दुकानातली साठवण यांवरून काढावे लागते. म्हणून आधी लेबल वाचावे आणि मग निवड करावी, हाच क्रम मला योग्य वाटतो. लेबलाची परीक्षा न करता 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'पर्यावरणपूरक' अशा शब्दांवर विसंबून केलेली खरेदी बहुतेक वेळा महाग पडते.

बागेत नेमके काय बदलते

सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, हा समज आधी दूर करायला हवा. नाशिक किंवा सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदाराला हे सांगावे लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर फूट कोवळी असताना अवकाळी पाऊस झाला किंवा पानांवर दव साचून राहिले, की पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग आणि खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसू लागते. हाच डाऊनी म्हणजे केवडा, आणि तो घडांपर्यंत पोहोचला तर काही दिवसांत हंगाम हातचा जातो. युरोपातल्या बागांचा मुख्य शत्रूही हाच आहे. त्यावर मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण उपयोगी पडते, हे फ्रान्समधील बोर्दो येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांनी १८८५ मध्ये जाहीर केले, आणि आपल्याकडे आजही फवारले जाणारे बोर्डो मिश्रण ते हेच. सेंद्रिय शेतीत हे मिश्रण चालते, भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगासाठी गंधकही चालते. चालत नाहीत ती कृत्रिम बुरशीनाशके, कीटकनाशके, तणनाशके आणि रासायनिक खते. मात्र मोरचुदातले तांबे जमिनीत साचत जाते, म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून हेक्टरी ७ वर्षांत २८ किलो ही तांब्याची कमाल मर्यादा घातली आहे. शिवाय रासायनिक पद्धत सोडलेल्या बागेला ३ वर्षे संक्रमणकाळात काढावी लागतात आणि त्यानंतरच तिच्या द्राक्षांना सेंद्रिय म्हणता येते.

आपल्याकडे आणखी एक गल्लत सर्रास होते. 'रेसिड्यू-फ्री' म्हणजे अंशमुक्त द्राक्षे आणि सेंद्रिय द्राक्षे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश आढळल्यामुळे भारतीय द्राक्षांच्या युरोपातील निर्यातीला मोठा फटका बसला, आणि त्यानंतर अंशांच्या तपासणीबाबत आपले बागायतदार अतिशय दक्ष झाले. ही दक्षता मोलाची आहे. परंतु तिचा अर्थ इतकाच, की काढणीच्या वेळी मालात रसायनाचा अंश ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे. बागेत रसायन वापरलेच नाही, असे ती सांगत नाही. त्यामुळे एखाद्या वाइनच्या माहितीपत्रकात अंशमुक्त द्राक्षांचा उल्लेख असला, तरी ती वाइन सेंद्रिय मानू नये.

लेबल कसे वाचावे

युरोपातील बाटली हातात आली की ती फिरवून मागचे लेबल पाहावे. हिरव्या पार्श्वभूमीवर १२ पांढऱ्या ताऱ्यांनी रेखलेले पान हे युरोपीय संघाचे सेंद्रिय चिन्ह आहे. केवळ पानावर थांबू नये. त्याच्याजवळ एक संकेतांक छापलेला असतो आणि खरी माहिती त्यात असते. 'एफआर-बायो-०१' असे लिहिलेले असेल तर पहिली दोन अक्षरे देश सांगतात, मधला शब्द सेंद्रिय असल्याचे सांगतो आणि शेवटचा आकडा तपासणी करणाऱ्या संस्थेचा असतो. हा विशिष्ट क्रमांक इकोसर्ट या फ्रेंच संस्थेचा आहे. जर्मन बाटलीवर मधला शब्द 'ओको' असतो आणि स्पॅनिश बाटलीवर 'इको'. संकेतांकाच्या खाली द्राक्षे कोठे पिकली, हेही लिहावे लागते. पान आहे पण संकेतांक नाही, अशी बाटली संशयास्पद समजून बाजूला ठेवावी.

सालाकडेही लक्ष द्यावे. युरोपात २०१२ च्या ऑगस्टपर्यंत सेंद्रिय वाइन अशी संज्ञाच कायद्यात नव्हती. 'सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन' एवढेच लिहिता येत असे. त्या वर्षीच्या नियमांनी द्राक्षांबरोबर तळघरातली प्रक्रियाही कक्षेत आणली. सॉर्बिक आम्ल या परिरक्षकासारखे काही पदार्थ वर्ज्य ठरले आणि गंधक डायऑक्साइडची, म्हणजे वाइन टिकावी म्हणून घातल्या जाणाऱ्या सल्फाइटची, मर्यादा उतरवली गेली. जवळजवळ साखर नसलेल्या लाल वाइनमध्ये एरवी लिटरला १५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा असते, सेंद्रिय वाइनमध्ये १००. पांढऱ्या आणि गुलाबी वाइनमध्ये हेच आकडे २०० आणि १५० असे आहेत. जुन्या सालाची बाटली घेताना हा फरक लक्षात ठेवावा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी हिशेब वेगळा आहे, आणि तो समजून न घेतल्यामुळे चांगल्या बाटल्या हातातून सुटतात. तेथील कृषी खात्याच्या नियमानुसार 'सेंद्रिय वाइन' म्हणून विकायच्या वाइनमध्ये वरून सल्फाइट घालताच येत नाही. सल्फाइट घातले असेल, पण एकूण प्रमाण दशलक्ष भागांत १०० भागांच्या आत असेल, तर लेबलवर 'सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली' असे लिहितात आणि त्या बाटलीवर कृषी खात्याचे गोल सेंद्रिय चिन्ह लावता येत नाही. परिणाम असा, की पॅरिसमध्ये सेंद्रिय म्हणून विकली जाणारी फ्रेंच वाइन न्यू जर्सीच्या दुकानात या दुसऱ्या वर्गात दिसते. ती कमअस्सल नसते. उलट माझ्या मते अमेरिकेत निवडीला सर्वाधिक वाव याच वर्गात आहे. तेव्हा गोल चिन्ह शोधत बसण्याऐवजी मागच्या लेबलवर कोणत्या संस्थेने प्रमाणित केले, ती ओळ शोधावी.

भारतात २०१७ च्या नियमावलीनुसार एखादे खाद्य किंवा पेय सेंद्रिय म्हणून विकायचे असेल, तर त्याला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे किंवा पीजीएस-इंडिया या शेतकरी गटांच्या परस्पर तपासणीवर चालणाऱ्या योजनेचे प्रमाणन लागते, आणि ओळखीसाठी 'जैविक भारत' हे चिन्ह आहे. भारतीय वाइनरीचा माणूस चवगृहात 'आमची शेती सेंद्रियच आहे' असे सांगत असेल, तर त्याचा अवमान न करता प्रमाणपत्राचा क्रमांक विचारावा. नाशिकच्या हवेत केवडा आणि भुरी या दोहोंना तोंड देत सेंद्रिय बाग राखणे अतिशय कष्टाचे काम आहे. ज्याने ते खरोखर केले आहे, तो कागद दाखवायला अनमान करत नाही.

काही शब्द सेंद्रियच्या जवळ उभे राहतात, पण सेंद्रिय नसतात. फ्रान्समधील 'ओत व्हालर आँव्हिरोनमाँताल', म्हणजे लेबलवरची एचव्हीई ही अक्षरे, पर्यावरणविषयक सरकारी प्रमाणपत्राची आहेत. त्यात कृत्रिम औषधांना बंदी नाही. 'सस्टेनेबल' या शब्दाचेही तेच. 'नॅचरल वाइन' या संज्ञेला युरोपीय कायद्यात व्याख्या नाही. फ्रान्समध्ये २०२० पासून 'व्हँ मेतोद नात्यूर' ही सनद मान्य झाली असून तिच्यासाठी द्राक्षे प्रमाणित सेंद्रिय असणे बंधनकारक आहे, म्हणून नॅचरल वाइन हवी असेल तर त्या सनदेचे चिन्ह पाहावे. बायोडायनॅमिक वाइन मात्र सेंद्रियच्या एक पायरी पुढे जाते. रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ मध्ये दिलेल्या व्याख्यानांवर ती पद्धत उभी आहे आणि 'डीमीटर' हे तिचे सर्वांत परिचित चिन्ह आहे. तिच्यातील ग्रहनक्षत्रांचा भाग कोणाला पटो वा न पटो, त्या चिन्हाखालची बाग सेंद्रिय असते, एवढी खात्री ग्राहकाला पुरेशी आहे.

सल्फाइटविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण डोकेदुखी टळावी म्हणून सेंद्रिय वाइन घेणारे पुष्कळ लोक आहेत. आंबवण्याच्या क्रियेत यीस्ट स्वतःच थोडे सल्फाइट तयार करते, त्यामुळे पूर्णपणे सल्फाइटरहित वाइन जवळजवळ नसतेच. सांगली-तासगावकडे बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, ती सर्वांच्या परिचयाची आहे. सुक्या फळांत सल्फाइटचे प्रमाण वाइनपेक्षा कितीतरी जास्त असू शकते. असे बेदाणे किंवा जर्दाळू खाऊन ज्याला त्रास होत नाही, त्याच्या डोकेदुखीचे कारण बहुधा दुसरे आहे. दम्याच्या रुग्णांपैकी काहींना मात्र सल्फाइटचा खरोखर त्रास होतो; त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि सेंद्रिय या शब्दाला औषध समजू नये.

प्रमाणपत्र पटल्यावर निवड

येथून पुढे सेंद्रियपणाचा प्रश्न संपतो आणि वाइनचा सुरू होतो. माझा पहिला सल्ला प्रदेशाविषयी आहे. जेथे हवा कोरडी, ऊन भरपूर आणि वारा वाहता, तेथे केवडा कमी येतो, फवारण्या कमी लागतात आणि सेंद्रिय शेतीचा खर्च आटोक्यात राहतो. दक्षिण फ्रान्समधील लांगडॉक, सिसिली, स्पेनमधील पेनेडेस आणि हुमिया, चिलीची मधली खोरी हे असे प्रदेश आहेत. कमी पैशांत चांगली सेंद्रिय वाइन हवी असेल, तर शोध येथून सुरू करावा. स्पेन, इटली आणि फ्रान्स या तीन देशांत मिळून जगातील सेंद्रिय द्राक्षबागांचा बहुतांश भाग आहे, त्यामुळे पर्यायांची वाण पडत नाही. पेनेडेसमधील अल्बेट इ नोया, चिलीची एमिलियाना, कॅलिफोर्नियाच्या मेंडोसिनो भागातील बोंटेरा ही नावे सुरुवातीला विश्वासाने घेता येतील. सल्फाइट न घातलेली अमेरिकी वाइन पाहायची असेल, तर मेंडोसिनोतीलच फ्रे कुटुंबाची वाइनरी १९८० पासून हे काम करत आहे.

दमट प्रदेशातील सेंद्रिय वाइन महाग असते आणि ती का महाग असते, हे बोर्दोतील शातो पोंते-काने या नामवंत घराण्याच्या अनुभवावरून कळते. अटलांटिकच्या ओलसर हवेत तेथे सेंद्रिय शेती सुरू झाली. २००७ मध्ये केवडा इतका वाढला, की पीक वाचवण्यासाठी रासायनिक फवारणी करावी लागली आणि प्रमाणपत्राची वाट पुन्हा पहिल्यापासून धरावी लागली. ते अखेर २०१० च्या हंगामाला मिळाले. २०१८ मध्ये पुन्हा केवडा आला, तेव्हा मात्र घराण्याने रसायनाला हात लावला नाही आणि पिकाचा फार मोठा भाग गमावला. अशा बाटलीची जास्त किंमत मला रास्त वाटते. त्याच भागातील अतिशय स्वस्त सेंद्रिय बाटली दिसली, तर ती घेण्याआधी बाटलीबंद कोणी केली, ते पाहावे. फ्रेंच लेबलवर 'ओ शातो' किंवा 'ओ दोमेन' हे शब्द असले, तर ज्याने द्राक्षे पिकवली त्यानेच बाटली भरली असे समजावे. व्यापाऱ्याने भरलेल्या बाटलीवर त्याऐवजी कंपनीचे आणि गावाचे नाव येते.

शाकाहारी वाचकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. वाइन नितळ करण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक, दुधातील केसीन किंवा माशापासून मिळणारा पदार्थ वापरण्याची प्रथा आहे आणि सेंद्रिय नियमांत ती चालते. म्हणजे सेंद्रिय वाइन शाकाहारी असतेच असे नाही. त्यासाठी व्हीगन असल्याचे वेगळे चिन्ह शोधावे. ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या युरोपीय वाइनना घटकांची यादी देणे बंधनकारक आहे आणि ती बहुधा लेबलवरच्या क्यूआर कोडमागे असते. दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर ती उघडून पाहिली, तर वरून काय घातले आहे ते लगेच कळते. नितळ करण्याचे पदार्थ मात्र त्या यादीत सगळेच येत नाहीत. ॲलर्जी होऊ शकते म्हणून अंडे आणि दूध यांचा उल्लेख तेवढा करावा लागतो.

आता साठवण. सल्फाइट कमी असलेली वाइन उष्णता फार सहन करत नाही, आणि आपल्या हवामानात ही बाब प्रमाणपत्राइतकीच महत्त्वाची ठरते. दुकान वातानुकूलित आहे का, बाटली काचेच्या कपाटात दिव्याच्या झोतात किती दिवस उभी आहे, हे पाहावे. बूच वर सरकलेले असेल, गळ्याशी चिकट ओघळ असेल किंवा वाइनची पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली गेलेली असेल, तर ती बाटली उन्हात तापली आहे असे समजून परत ठेवावी. आयात केलेल्या बाटलीवर भारतात आयातदाराचे नाव छापलेले असते. ते टिपून ठेवावे, कारण माल नीट हाताळणारा आयातदार एकदा सापडला, की त्याच्याकडच्या इतर सेंद्रिय बाटल्याही शोधणे सोपे जाते. साध्या किमतीची पांढरी किंवा गुलाबी सेंद्रिय वाइन सालापासून दोन वर्षांच्या आतली घ्यावी.

विक्रेत्याशी बोलताना 'चांगली ऑरगॅनिक वाइन द्या' असे न म्हणता देश, रंग आणि किंमत सांगून प्रमाणित बाटल्या कोणत्या, असे विचारावे. काही उत्कृष्ट घराणी सेंद्रिय शेती करूनही लेबलवर चिन्ह लावत नाहीत. तेव्हा 'ते सेंद्रियच करतात' असे विक्रेता म्हणाला, तर फ्रान्सच्या आजांस बिओ या सेंद्रिय शेतीविषयक संस्थेची किंवा अमेरिकी कृषी खात्याची सेंद्रिय उत्पादकांची सूची उघडून ते नाव आहे का, ते तपासावे. पहिल्या वेळी एकच बाटली घ्यावी. ती उघडल्यावर अर्धी त्या दिवशी घेऊन उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी चाखावी. दुसऱ्या दिवशीही फळाचा गंध टिकून असेल आणि चव आंबूस किंवा सपक झाली नसेल, तर त्याच सालाच्या आणखी बाटल्या घेण्यास हरकत नाही.