पाऊस ओसरताच गॅलरीतल्या पेट्यांना ठिबक बसवा

मुंबईतून पाऊस साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी फिरतो आणि लगेच ऊन तापायला लागतं. चार महिने आभाळाच्या भरवशावर असलेल्या गॅलरीतल्या, गच्चीवरच्या झाडांच्या पेट्या बघता बघता कोरड्या पडतात. मेथी-पालक पेरायचे, टोमॅटो-मिरचीची रोपं लावायचे हेच दिवस, म्हणून ठिबकचं काम आत्ताच उरका. त्यासाठी लावलेली झाडं काढायची गरज नाही.

पाइप विकत आणण्याआधी टाकीपासून पेटीपर्यंतची उंची मोजा. दर १० मीटर उंचीला साधारण १ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब मिळतो. दहा मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर गच्चीच्या टाकीचं पाणी येत असेल तर दाब दीड-दोन किलोच्या घरात जातो. तिथे दाब कमी करणारा रेग्युलेटर हवाच, नाहीतर एखादी जोड निसटते आणि पाणी थेट खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. गच्चीवरच्या पेट्यांचं नेमकं उलट असतं. त्यांना त्याच टाकीतून जेमतेम मीटर-दीड मीटरची उंची मिळते. दाब-नियंत्रित महागडे ड्रीपर (नळीवरची थेंब-थेंब पाणी सोडणारी तोंडं) एवढ्याशा दाबावर नीट चालत नाहीत. साधे, उघडून धुता येणारे घ्या. टायमर घेताना तो शून्य दाबावर चालतो का, हे विचारा. बॉल व्हॉल्व्हचा (मोटरने तोटी फिरवणारा) चालतो, सोलेनॉइडचे (विजेच्या चुंबकाने झडप उघडणारे) बरेचसे चालत नाहीत.

ड्रीपरवर लिहिलेले ताशी लिटर पूर्ण दाबाचे असतात. साध्या ड्रीपरला दाब एक चतुर्थांश मिळाला, तर पाणी निम्म्यावर येतं. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली एकेक पेला ठेवा, पंधरा मिनिटांनी दोन्ही मोजा. फार फरक दिसला तर एकाच लायनीवर पेट्या जास्त झाल्या आहेत. लाइन दोन भागांत तोडा.

३ फूट लांब, १ फूट रुंद पेटीला या उन्हात रोज दीड-दोन लिटर पाणी लागतं. ताशी खरोखर २ लिटर सोडणारे तीन ड्रीपर, सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, एवढं पुरतं. एकदाच वीस मिनिटं सोडू नका. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) भुसभुशीत मिश्रणात पाणी आडवं पसरत नाही, सरळ खाली उतरतं आणि भोकातून वाहून जातं. कोकोपीट एकदा कडक वाळलं की पाणी धरतच नाही, तेव्हा सुरुवातीला झारीने सावकाश भिजवून मगच ठिबक चालू करा. पावसात माती खाली बसलेली असते, खताचा कसही धुपलेला असतो. दोन बोटं शेणखत किंवा गांडूळखत घाला, त्यावर नळी आणि नळीवर सुका पाला. उघडी काळी नळी उन्हात तापते आणि पहिलं पाणी चटका देणारं येतं.

तोटीशी जाळीचा फिल्टर लावा. सोसायटीत बोअरवेलचं पाणी असेल तर ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर साचतो. महिन्यातून एकदा लाइनचं शेवटचं बूच काढून पाणी जोरात सोडा.

पेटीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा पूर्ण रिकाम्या करून घासा. डेंग्यूच्या डासाला तेवढंसं साचलेलं पाणी पुरतं.

दिवाळीत गावी जाणार असाल तर निघण्याआधी आठवडाभर टायमर घरात असतानाच चालवून बघा. टाकीत पाणी किती वाजता चढतं ते वॉचमनला विचारा आणि टायमरची वेळ त्यानंतरची ठेवा.