एकवीस दिवस गोड बंद : त्याआधी काय काय उरकायचं

17 ऑक्टोबरच्या दारिद्र्य निर्मूलन दिनापर्यंत आम्ही दरवर्षी एकवीस दिवस गोड सोडतो. तुम्हीही सोडणार असाल तर सगळ्यात आधी उत्तर तयार ठेवा. जिलेबीची प्लेट समोर आली आणि तुम्ही "नको" म्हणालात, की आपल्या नागपुरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "शुगर निघाली का?" पहिल्या वर्षी मी नुसतीच हसले, तर आठ दिवसांत अख्ख्या कॉलनीत मला डायबेटीस होऊन गेला. शेजारच्या काकूंनी मेथीदाणेही आणून दिले. आपण गोड सोडल्याने जगातली गरिबी हटत नाही, हे कोणालाही कळतं. लोकांनी 'का' विचारावं एवढ्यासाठी हा खटाटोप, आणि विचारल्यावर आपणच अडखळलो तर सगळं मुसळ केरात. तेव्हा दोन वाक्यं पाठ करा : "17 ऑक्टोबरला दारिद्र्य निर्मूलन दिन असतो, तोवर आमच्या घरी गोड बंद आहे. वाचलेले पैसे डब्यात टाकतो." याहून लांबण लावली की समोरच्याची नजर रसमलाईकडे वळते.

तारखेमागची गोष्टही माहीत असू द्या. 17 ऑक्टोबर 1987 ला पॅरिसच्या ट्रोकादेरो चौकात लाखावर माणसं जमली आणि भूक, हिंसा, गरिबी यांचे बळी ठरलेल्यांच्या नावाने तिथे एक शिळा बसवली गेली. 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तोच दिवस जगासाठी ठरवला. आपण 27 सप्टेंबरला सुरू करतो, म्हणजे बरोबर एकवीस दिवस होतात. ज्येष्ठांना पॅरिस सांगत बसू नका, त्यांना शास्त्रीजींची सोमवारची रात्र आठवते. 1965 साली अन्नधान्याची टंचाई होती, तेव्हा आठवड्यातून एक वेळ जेवू नका म्हटल्यावर लोकांनी चुली बंद ठेवल्या होत्या. आमच्या सासूबाईंना तेवढंच सांगितलं आणि त्या सगळ्यांच्या आधी तयार झाल्या.

पोस्टर मुलांकडून करून घ्या, पण आकडा स्वतः तपासा. जागतिक बँकेने 2025 मध्ये अतिगरिबीची रेषा माणशी रोज 3 डॉलरवर आणली. या रेषेखाली जगात साधारण 80 कोटी माणसं आहेत. गेल्या वर्षी एका पोराने बाजारभावाने गुणाकार करून मोठ्या अक्षरांत "रोज 255 रुपये" लिहिलं, आणि वॉचमनदादा खाली उभे राहून म्हणाले, "मंग मी बी गरीबच हो म्याडम." हे डॉलर बँकेत बदलायचे नसतात. अमेरिकेत 3 डॉलरमध्ये जेवढं येतं तेवढं इथे किती रुपयांत येईल, असा तो हिशोब आहे आणि तो 2021 च्या किमतींत साठेक रुपये निघतो. खाणं, कपडा, औषध, घरभाडं सगळं त्यात. पोस्टरवर साठच लिहा आणि बाजूला आपल्या गल्लीतल्या पाव किलो संत्रा बर्फीचा भाव.

दुसरं पोस्टर गोडाचंच करा. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांतून येतो. तिथे कोकोच्या कामाला जुंपलेली मुलं 15 लाखांवर असल्याचं शिकागो विद्यापीठाशी जोडलेल्या संस्थेने 2020 मध्ये मांडलं. पण नजर फक्त आफ्रिकेवर ठेवू नका. दसरा झाला की बीडकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. आपल्या चहातली साखर अशा हातांनी तोडलेल्या उसातून येते, हे पोस्टरवर यायलाच हवं.

मग नियम, आणि ते आधीच लेखी. मिठाई, चॉकलेट, क्रीमचं बिस्किट, आइस्क्रीम, कोल्ड्रिंक बंद. चहातली साखर ज्याची त्याने ठरवावी, मी सोडत नाही. फळं चालतात, म्हणजे आंबिया बहाराची संत्री आली तर खुशाल खा, संत्रा बर्फी मात्र नाही. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील त्यांनी खिशात साखर ठेवायचीच, ते त्यांचं औषध आहे. लहान मुलांवर सक्ती नको. काशीला जाऊन पडवळ सोडून येणारे असतात तशी पळवाटही नको. मुळात जे आवडतच नाही ते सोडून काय उपयोग?

कालनिर्णय उघडून बसा. या एकवीस दिवसांत कधी पितृपक्षातली खीर येते, कधी नवरात्रातले भंडारे, कधी कोजागिरीचं दूध. प्रसादावरून आमच्याकडे दोन दिवस वाद चालला. "प्रसादाले नाही म्हणते का कोणी?" असं सासूबाईंनी विचारलं आणि प्रश्न मिटला : चिमूटभर घ्यायचा, द्रोण भरून नाही.

अजून एक सूट ठेवली आहे, तिचं कारण माझी चूक आहे. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या ताईंची मुलगी नर्सिंगला लागली, म्हणून त्या चार पेढे घेऊन आल्या. वर्तमानपत्राच्या पुडीत होते, कागदावर तुपाचा डाग पसरलेला. मी मोठ्या तोऱ्यात उपक्रम सांगितला, गरिबीचा शब्दही उच्चारला. त्यांनी "बरं" म्हटलं, पुडी परत दुमडली आणि पदराच्या टोकात बांधली. नंतर भांडी घासताना एरवी बोलतात तशा बोलल्या नाहीत. त्यामुळे आता नियमच आहे : कोणी आनंदाने पेढा दिला तर तो तिथेच, समोर उभं राहून खायचा आणि दुसरा मागायचा.

पैसे कोणाला द्यायचे हेही आधी ठरवा, नाहीतर 17 तारखेला त्यावरून भांडणं होतात. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असावी, पावती देणारी असावी आणि शक्यतो कोणीतरी जाऊन पाहून आलेलं असावं.

26 तारखेला रात्री घरातलं उरलंसुरलं गोड संपवा. फ्रिजच्या मागे दडवलेलं चॉकलेट कोणाचं आहे याची चौकशी करू नका. श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन त्याच्या झाकणाला चीर पाडा आणि गॅसच्या ओट्यावर ठेवा, देवघरात नको, तिथे तो विसरला जातो. आणि नोटा-चिल्लरच टाका. "यूपीआयने एकदमच करतो" म्हणणाऱ्या आमच्या यजमानांचे गेल्या वर्षीचे पैसे अजून यायचे आहेत.