हवा पुरेना म्हणून प्रेशर वाढवताय? कॉम्प्रेसरवरच्या या चुका टाळा

"प्रेशर येईना झालंय, थोडं वाढवून द्या की."

बेळगावच्या उद्यमबागेतलं मशिन शॉप असो, खानापूर रोडवरची फॅब्रिकेशनची शेड असो नाहीतर निपाणीला हायवेलगतचं टायरचं दुकान, कॉम्प्रेसरची तक्रार बहुतेक याच वाक्यात येते. प्रेशर वाढवणं हा त्यावरचा इलाज क्वचितच असतो. हवा कमी पडते ती वाटेत, आणि पाना लागतो टाकीवरच्या स्विचला. हे बघून बघून कंटाळा आलाय, म्हणून नेहमीच्या चुका इथं एकदाच लिहून काढतो.

आधी आकड्यांची भाषा. शेडमध्ये प्रेशर किलोत बोलतात, टायरवाले पौंडात. १ किलो म्हणजे १४.२ पौंड, यालाच पीएसआय म्हणतात. बार आणि किलो कामापुरते सारखेच धरले तरी चालतं. गेजवर दोन पट्ट्या असतात आणि नवखा पोरगा भलतीच पट्टी वाचतो. '६ वर ठेव' म्हटलं की किलो आणि '३२ भर' म्हटलं की पौंड, एवढं पहिल्याच दिवशी त्याच्या डोक्यात बसवा.

कट-आउट वाढवत जाणं

कॉम्प्रेसरवर प्रेशर ठरवणाऱ्या जागा दोन आहेत. टाकीत किती किलोला मोटर बंद व्हायची आणि किती किलोला परत सुरू व्हायची, हे प्रेशर स्विच ठरवतो. त्यालाच कट-आउट आणि कट-इन म्हणतात. रंगाच्या गनला किंवा टूलला किती हवा सोडायची, हे रेग्युलेटर ठरवतो. स्विच म्हणजे कोठाराचं दार आणि रेग्युलेटर म्हणजे माप. माप लहान पडतंय म्हणून कोठार ठासून भरण्यात अर्थ नाही.

मच्छेकडच्या एका शेडमध्ये गेटं रंगवायचं काम चालायचं. ३ एचपीचा कॉम्प्रेसर, २२० लिटरची टाकी, कट-आउट ८ किलो. टाकीच्या पत्रीवर कमाल प्रेशर १० किलो कोरलेलं. गनमधून रंग फवाऱ्यासारखा न येता थेंबाथेंबानं उडायला लागला. पेंटर म्हणाला, हवा कमी आहे. कट-आउट ९ वर नेला, पण फरक पडला नाही. मग १० वर नेला, तर सेफ्टी व्हॉल्व्ह उडायला लागला. त्या आवाजाला वैतागून कुणीतरी तो व्हॉल्व्हच काढला आणि तिथं प्लग ठोकला. चार दिवसांनी भर दुपारी मोटरचा ओव्हरलोड, म्हणजे जादा भार आला की मोटर बंद करणारा रिले, ट्रिप व्हायला लागला. रंग तसाच थेंबाथेंबानं.

शेवटी गनच्या बुडाशी टी लावून तिथं एक गेज बसवला. रेग्युलेटरवर काटा ५ वर आणि ट्रिगर दाबला की गनपाशी जेमतेम २. मधली ३ किलो हवा नळीनं खाल्ली होती. नळी २० मीटर लांब, आतून फक्त ६ एमएम, मध्ये दोन ठिकाणी जोड. तिच्या जागी १० एमएमची अखंड नळी आणि मोठ्या तोंडाचा कपलर (नळी झटकन जोडायचा-सोडायचा जोड) लावला, तर त्याच ५ किलोला गनपाशी ४.६ मिळाले. मग रेग्युलेटर ४ वर उतरवला, कट-आउट परत ८ वर आणला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवा बसवला. दोष नळीत होता आणि तेवढ्यासाठी टाकी फुटायची वेळ आली होती.

नळीचा हिशोब डोक्यात ठेवण्यासारखा आहे. तेवढीच हवा जाऊ द्यायची असेल, तर वाटेतला तोटा व्यासाच्या पाचव्या घातात बदलतो. ६ ऐवजी १० एमएम घेतली की तोटा जवळपास बारा-तेरा पटींनी उतरतो. लांबी अर्धी केली तर फक्त निम्मा होतो. म्हणून लांबी कापण्याआधी नळीचं तोंड बघा.

विजेचंही बघा. कट-आउट १ किलोनं वाढवला की तेवढ्याच हवेला साधारण ६ ते ७ टक्के वीज जास्त लागते. शिवाय प्रेशर वाढलं की प्रत्येक लिकेजही जास्त हवा सोडतं.

हवा खरंच कमी पडतेय का, ते टाकीलाच विचारता येतं. आउटलेटचा कॉक बंद करा आणि टाकी ४ वरून ८ किलोवर जायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. २२० लिटरची टाकी ४ किलोनं चढली म्हणजे ८८० लिटर हवा भरली. ३ मिनिटं लागली, तर पंप मिनिटाला २९० लिटरच्या आसपास देतोय, म्हणजे साधारण १० सीएफएम (मिनिटाला घनफूट). मशीन नवं असतानाच हा वेळ मोजून भिंतीवर ऑइल पेंटनं लिहून ठेवावा, ही माझी सवय आहे. पुढं ३ ची ५ मिनिटं झाली तर दोष पंपात. आधी फिल्टर काढून बघा, मग पट्ट्याचा ताण, मग व्हॉल्व्ह प्लेट आणि शेवटी पिस्टनच्या रिंगा. गोव्यातल्या पाव्हण्याच्या मशीनशी तुमचा वेळ ताडू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, इथली हवा सात-आठ टक्क्यांनी विरळ. तोच पंप इथं थोडा जास्त वेळ घेणारच.

कट-आउट बदलायची खरोखर गरज असेल तर मेन बंद करून मगच कव्हर उघडा. स्विचच्या आत उघडे टर्मिनल असतात आणि 'नुसता नट तर फिरवायचाय' म्हणणाऱ्यांनाच तिथं शॉक बसतो. मोठ्या स्प्रिंगवरचा नट आवळला की कट-इन आणि कट-आउट दोन्ही बरोबरच चढतात. लहान स्प्रिंगचा स्क्रू असेल तर तो दोन्हींमधलं अंतर बदलतो. काही लहान स्विचांत तो नसतो, अंतर कारखान्यातच ठरवलेलं असतं. एका वेळी अर्धाच आटा फिरवायचा, कव्हर लावायचं, मोटर चालू करून बंद होईपर्यंत गेजजवळ उभं राहायचं, मग पुढचा अर्धा. एकदम तीन आटे फिरवून चहाला जाणारा माणूस माझ्या हाताखाली चालत नाही. अंतर २ किलोच्या आसपास राहू द्या. ते फार कमी केलं की मोटर सारखी चालू-बंद होते आणि वाइंडिंग तापतं. मोटर न थांबता नुसती रिकामी फिरते, अशा मोठ्या मशीनवर हेच काम पायलट व्हॉल्व्हवर करायचं असतं. तिथं प्रेशर स्विच शोधत बसू नका.

हवा न सोडता रेग्युलेटर लावणं

ही दुसरी चूक रोजची. नळी जोडायची, ट्रिगर सोडलेला, काटा ४ वर आणायचा आणि कामाला लागायचं. हवा वाहायला लागली की काटा खाली येतो, कधी ३ वर, कधी त्याहून खाली. रेग्युलेटर कायम ट्रिगर दाबून, हवा वाहत असताना लावायचा. साधी गन ३ ते ४ किलोवर चालते. एचव्हीएलपी गनला (जास्त हवा पण कमी प्रेशरवर फवारणारी गन) बुडाशी, जिथं नळी जोडतात तिथं, साधारण २ किलो पुरतात. अर्ध्या इंचाच्या इम्पॅक्ट रेंचला ९० पौंड लागतात, म्हणजे ६ किलोच्या थोडं वर. हे सगळे आकडे हवा चालू असतानाचे.

लावताना नॉब वर ओढा, म्हणजे लॉक सुटतो. घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की प्रेशर चढतं. कमी करायचं असेल तर हव्या त्या आकड्याच्या खाली उतरा आणि तिथून वर या. वरून खाली येऊन थांबलात तर स्प्रिंग आणि डायफ्राम नीट बसत नाहीत आणि थोड्या वेळानं काटा सरकतो. झालं की नॉब खाली दाबून लॉक करा.

नॉब उलटा फिरवूनही काटा उतरत नाही म्हणून रेग्युलेटर बाद ठरवू नका. काही रेग्युलेटर जास्तीची हवा वरच्या बारीक भोकातून फुस्स करून सोडतात. काहींत ती सोय नसते. अशा वेळी नळीतली हवा एकदा ट्रिगर दाबून काढा, काटा आपोआप खाली येईल. पोरं तोवर नॉब इतका उलटा फिरवतात की तो हातातच येतो.

काम बंद असताना काटा हळूहळू चढत चालला असेल, तर मात्र आतल्या सीटवर कचरा बसलाय किंवा सीट झिजलंय. हवा बंद करून, नळी पूर्ण रिकामी करून तळाचं बूच उघडा. सीट आणि ओ-रिंग पुसा, झिजलं असेल तर किट बदला. नुसता नॉब मागं घेऊन रोज जमवून घेणं म्हणजे रोज नव्यानं तोच त्रास.

शेडमध्ये कुणी मराठी, कुणी कन्नड. सूचनांच्या पाट्या वाचायला फुरसत कुणाला नसते. त्यापेक्षा टाकीच्या गेजच्या काचेवर कट-आउटला लाल रेघ आणि रेग्युलेटरच्या गेजवर कामाच्या प्रेशरला हिरवी रेघ मारा. हिरव्यावर आणा, लालच्या पुढं नेऊ नका, एवढं कुठल्याही भाषेत कळतं.

सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावणं

यात थोडंफार चालतं असं काही नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह आवळायचा नाही, तारेनं बांधायचा नाही, त्या जागी प्लग मारायचा नाही. तो टाकीच्या पत्रीवरच्या आकड्याच्या आतच उघडला पाहिजे आणि कट-आउट त्याच्याही खाली निदान १ किलो हवा. व्हॉल्व्ह उडतोय म्हणजे स्विच बंद होत नाही, किंवा कट-आउट चुकीचा लावलाय. दोष तिकडे शोधा. कारखाने कायदा १९४८ च्या कलम ३१ नंही टाकीचं प्रेशर सुरक्षित मर्यादेच्या वर जाऊ न देणं ही मालकाचीच जबाबदारी ठरवली होती. महिन्यातून एकदा टाकी भरलेली असताना रिंग ओढून बघा. तोंड बाजूला ठेवा आणि डोळ्यावर चष्मा असू द्या. ओढूनही हवा सुटली नाही तर त्याच दिवशी नवा आणा. आणि टाकीची चाचणी नेहमी पाणी भरूनच करायची. हवा भरून चाचणी करणाऱ्याला कामाला लावू नका.

बाकीच्या, थोडक्यात

मोटर बंद होताना दोन-तीन सेकंद फुस्स आवाज यायलाच हवा. तो अनलोडर, पंपाच्या डोक्यात कोंडलेली हवा सोडणारा. आवाज थांबतच नसेल तर एनआरव्ही, म्हणजे टाकीतली हवा मागं पंपाकडं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, गळतोय, स्विच बदलून उपयोग नाही. आवाजच येत नसेल तर पुढच्या वेळी डोक्यात हवा कोंडलेली असतानाच मोटर सुरू होईल, नुसती गुणगुणेल आणि ट्रिप होईल.

ओव्हरलोडचा डायल वाढवून ट्रिप थांबवू नका. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल अशा गावात कट-आउट १ किलोनं खाली ठेवा, मोटरवरचा भार हलका होतो.

टाकी रिकामी असताना काटा शून्यावर येत नसेल तर त्या गेजवर कुठलंच सेटिंग करू नका. गेज बदला.

अंगावरची धूळ हवेनं उडवू नका. कातडीला छोटीशी जखम असली तरी हवा आत शिरते, आणि डोळ्यात बुरा गेला तर डोळा जातो.

पावसाळ्यात टाकीतलं पाणी न सोडणं

खानापूर, जांबोटीकडं पाऊस लागला की ही चूक महाग पडते. २५ अंश तापमान आणि ९० टक्के दमट हवा धरा. ३ एचपीचा पंप मिनिटाला ३०० लिटर हवा ओढत पाच तास चालला आणि हवा ८ किलोला दाबून गार झाली, तर तेवढ्यात दीड लिटरभर पाणी सुटतं. त्यातलं पुष्कळसं टाकीच्या तळाशी साठतं. ते न काढता महिना गेला की टाकीत हवेची जागा कमी होते, मोटर लवकर लवकर चालू होते आणि मालक म्हणतो प्रेशर टिकेना. उरलेलं पाणी गनमधून रंगावर उतरतं. आतून गंज धरतो तो दिसतच नाही.

जून ते सप्टेंबर दुपारी आणि संध्याकाळी, दोन वेळा पाणी सोडा. बाकीचे महिने रोज संध्याकाळी एकदा. टाकीत १-२ किलो हवा असताना कॉक हळू उघडा, म्हणजे हवा पाण्याला ढकलून बाहेर काढते. पूर्ण भरलेल्या टाकीचा कॉक एकदम उघडला तर खालची माती-गंज तोंडावर उडतो. तांबूस पाणी आलं तर गंज सुरू झालाय. दुधासारखं पांढरट आलं तर पंपाचं तेल मिसळतंय, रिंगा बघायला हव्यात.

लिकेज कानानं शोधणं

शेड चालू असताना लिकेज ऐकू येत नाही. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी टाकी कट-आउटपर्यंत भरा, विजेचा मेन बंद करा, टूल काढा, हवेची लाईन चालू ठेवा आणि अर्धा तास गेज बघा. काटा उतरला तर साबणाचं पाणी आणि जुना ब्रश घेऊन निघा. ७ किलोला १ एमएमच्या भोकातून मिनिटाला सत्तर लिटरच्या आसपास हवा जाते. ३ एचपीच्या पंपाची जवळजवळ पाव हवा त्यातच गेली. सुरुवात कपलरपासून करा, मग नळीच्या क्लिपा, मग रेग्युलेटरचं बूच, शेवटी ड्रेन कॉक. टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेनं आणि टोकाचा एक आटा सोडून गुंडाळा, म्हणजे तिचे तुकडे रेग्युलेटरच्या सीटवर जाऊन बसणार नाहीत.