मदतनिधीसाठी हस्तकला विकताना या चुका टाळा

वाकळ शिवणाऱ्या, बंजारा भरतकाम करणाऱ्या किंवा जुन्या साड्यांच्या पिशव्या करणाऱ्या मराठवाड्यातील बायकांचे काही गट आता फक्त घरखर्चासाठी काम करत नाहीत. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील मुलांची फी, एकल महिलेचा दवाखान्याचा खर्च, अत्याचाराच्या खटल्यात तारखेला जाण्यायेण्याचे भाडे अशा गरजांसाठी ते विक्रीतून गावपातळीवर निधी उभा करतात. असा प्रयत्न दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच हिशोबाच्या भांडणात मोडला, की फार वाईट वाटते. मोडण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: करणारीची मजुरी आणि निधीचा वाटा या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवलेल्या नसतात.

मजुरी कापून निधी वाढवणे

भरतकामाची एक पिशवी घेऊ. कापड, अस्तर, दोरा, आरसे आणि कवड्या मिळून समजा १३० रुपये लागतात, बांधणी आणि नेण्याआणण्याचे २८ रुपये धरू, आणि भरतकामाला एका बाईचा पूर्ण दिवस जातो. बाजारात मशीनची पिशवी ३०० रुपयांना मिळते म्हणून गट आपली पिशवी ३५० रुपयांना लावतो आणि त्यातले ५० रुपये निधीत टाकतो. बाईच्या हातात उरतात १४२ रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ मध्ये दिवसाचा दर ३१२ रुपये होता. म्हणजे माती उचलणाऱ्या हाताला जे मिळते, त्याच्या निम्मेही या कसबी हाताला मिळाले नाही. अशा वेळी निधीला देणगी गिऱ्हाईकाने दिलेली नसते, ती भरतकाम करणाऱ्या बाईने दिलेली असते, आणि तीही तिला न विचारता. ज्या कामाला आपण सामाजिक न्यायाचे काम म्हणतो, त्याची सुरुवात अशी होता कामा नये.

किंमत उलट्या दिशेने काढावी. सामान १३०, मजुरी ३१२ आणि इतर खर्च २८ मिळून ४७० होतात. त्यावर निधीचे ८० धरले, तर पिशवी ५५० रुपयांची झाली. या भावाला माल उचलला जात नसेल, तर मजुरीला हात न लावता काम कमी करावे. पूर्ण पिशवी भरण्याऐवजी फक्त वरच्या पट्टीवर भरतकाम घ्यावे, किंवा अर्ध्या दिवसात होणारा छोटा बटवा करावा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या वाणासाठी बायका अशा लहान वस्तू पन्नास-पन्नास, शंभर-शंभर एकगठ्ठा घेतात. छत्रपती संभाजीनगरला १४ जानेवारीला नामविस्तार दिनानिमित्त विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी मोठी गर्दी लोटते; तिथेही दूरवरून आलेला माणूस जड वाकळ विकत घेऊन परत नेणार नाही, पण खिशात मावणारी वस्तू नक्की घेईल.

‘सर्व रक्कम मदतीला’ अशी पाटी

ही पाटी लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण ती खरी नसते, कारण त्याच रकमेतून दोरा आणि मजुरी द्यायची असते. त्याऐवजी ‘या पिशवीमागे ८० रुपये मदतनिधीला’ असे सरळ आकड्यात लिहावे. टक्केवारीपेक्षा रुपये लिहिलेले बरे, कारण गिऱ्हाईकाला ते लगेच कळतात आणि गटातील प्रत्येक बाईला विकलेल्या नगांवरून निधीची रक्कम तोंडी पडताळता येते.

विक्री आणि देणगी यांचीही सरमिसळ करू नये. मालाशेजारी दानपेटी ठेवली, की प्रकरण वेगळे होते. गटाची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी नसताना लोकांकडून देणग्या गोळा करायच्या असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळे दरवर्षी घेतात ती हीच. एखाद्या गिऱ्हाईकाने आयकरातील सवलतीची पावती मागितली, तर ती सवलत मान्यता मिळालेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, वस्तूच्या खरेदीवर मिळत नाही, हे त्याला स्पष्ट सांगावे.

एकीच्याच मोबाइलवर सगळे पैसे

स्टॉलवर अध्यक्षबाईंच्या मुलाच्या मोबाइलचा क्यूआर कोड चिकटवलेला असतो, आणि त्याच खात्यावर त्याचा पगार, किराणा आणि गाडीचा हप्ता चालतो. कोणी एक पैसाही खाल्लेला नसला, तरी तीन महिन्यांनी हिशोब जुळत नाही आणि प्रामाणिक माणसावर आळ येतो. गटाच्या नावाचे, दोघींच्या सह्यांचे खाते काढावे आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा लावावा. वहीत माल, मजुरी आणि निधी असे तीन रकाने असावेत, आणि दर महिन्याच्या बैठकीत ती वही मोठ्याने वाचावी, कारण गटात वाचता न येणाऱ्या बायकांचाही त्या पैशावर तितकाच हक्क आहे.

आधीच गोंधळ झालेला असेल, तर जुने आकडे अंदाजाने जुळवू नयेत. शिल्लक माल मोजावा, खात्याचा उतारा काढावा, न जुळणारी रक्कम ‘न जुळलेली’ म्हणूनच बैठकीसमोर लिहावी आणि त्या तारखेपासून नवी वही सुरू करावी. उधारी मात्र पहिल्या दिवसापासून बंद ठेवावी. ओळखीच्या कार्यालयाने उधारीवर नेलेल्या मालाचे पैसे मागायला जाण्यात गटातील बायकांचे रोज बुडतात.

दुःखाची जाहिरात

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीचा फोटो आणि तिची कहाणी पिशवीच्या चिठ्ठीवर छापली, तर माल कदाचित जास्त खपेल, पण त्याच तालुक्यात तिला आणि तिच्या मुलांना उद्या राहायचे आहे. चिठ्ठीवर करणारीचे नाव तिच्या संमतीने द्यावे, टाक्यांची ओळख द्यावी, आणि मदत घेणाऱ्यांचे नाव कधीही देऊ नये. मदत कोणाला द्यायची याचा नियमही पैसे येण्याआधी ठरवावा: तातडीची छोटी रक्कम दोघींनी फोनवर बोलून द्यायची, मोठी रक्कम बैठकीत ठरवायची, आणि मदत परत करायची की नाही हे देतानाच सांगायचे.

बंजारा भरतकामाबाबत आणखी एक काळजी घ्यावी. तांड्यावरच्या बायकांचे नमुने उतरवून शहरात छापील कापडावर काढून घेणे आणि ते ‘बंजारा काम’ म्हणून विकणे हा त्यांच्यावर अन्यायच आहे. संविधानाच्या उद्देशिकेच्या भरतकाम केलेल्या फ्रेमही काही ठिकाणी विकायला ठेवतात. मजकूर अवश्य भरावा, पण त्यावर तीन सिंहांची राजमुद्रा घेऊ नये, कारण विक्रीच्या वस्तूवर तिचा वापर करण्यास २००५ च्या कायद्याने बंदी आहे.

कच्चा रंग

तक्रारी सर्वांत जास्त येतात त्या लाल आणि गडद निळ्या कापडाच्या. कापण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड घासून पाहावे. फडक्यावर रंग उतरला, तर ते कापड पांढऱ्या अस्तराशी कधीही जोडू नये. वाकळीसाठी घेतलेल्या जुन्या साड्या धुऊन, कडक उन्हात वाळवूनच थर लावावेत, नाहीतर आतला कुबट वास शिवल्यावर निघत नाही.

हंगाम न पाहता घेतलेली ऑर्डर

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या जोड्या उचल घेऊन कारखान्यांवर जातात आणि गावे निम्मी रिकामी होतात. त्या परततात हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडी. त्यामुळे संक्रांतीच्या वाणाचे बटवे पावसाळ्यातच शिवून ठेवावे लागतात. हे लक्षात न घेता डिसेंबरमध्ये दोनशे नगांची ऑर्डर घेतली, तर माल गावातील शिंप्याकडून मशीनवर करून घेण्याचा मोह होतो, आणि तो हाताचा म्हणून विकणे म्हणजे गिऱ्हाईकाची फसवणूक आहे. ऑर्डर पूर्ण होणार नसेल, तर जितके नग तयार आहेत तितकेच द्यावेत आणि बाकीची आगाऊ रक्कम परत करावी. ती रक्कम आधीच मदतीला दिलेली असेल, तर परत करायला पैसे उरत नाहीत. म्हणून माल पोहोचेपर्यंत प्रत्येक आगाऊ रक्कम वहीत ‘देणे’ या बाजूलाच लिहावी आणि निधीत वळवू नये.