शाळा उघडण्याआधी या चुका टाळा

मे संपत आला की ठाण्यात जांभळी नाक्यापासून गोखले रोडपर्यंत वह्या, दप्तरं आणि रेनकोटांसाठी झुंबड उडते. खरेदी कोणी विसरत नाही. राहून जाते ती मुलांची झोप. पहिल्या आठवड्यातली चिडचिड आणि न खाता परत आलेला डबा, यामागे बऱ्याचदा तीच असते.

सगळ्यात मोठी चूक आदल्या रात्री होते: ‘आज लवकर झोप, उद्या शाळा आहे.’ रात्री ११.३०ला झोपायची सवय लागलेलं मूल ९ वाजता नुसतं कूस बदलत राहतं. झोप हुकमाने येत नाही. आपल्या हातात असते ती उठवण्याची वेळ. म्हणून आधी उठणं अलीकडे आणा. सकाळी ८.३०ला उठणाऱ्याला ६ वाजता उठवायचं तर १५० मिनिटांचा फरक आहे. दर २ दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आलात तर २० दिवस लागतात. शाळा १५ जूनला उघडत असेल तर २६ मेला सुरुवात करा. तेवढे दिवस हातात नसतील तर रोज १५ मिनिटं, म्हणजे १० दिवसांत जमेल. उठल्या उठल्या पडदे उघडा, दूध बाल्कनीत प्यायला द्या. सकाळच्या उजेडामुळे रात्रीची झोपही लवकर येऊ लागते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी, म्हणजे ६ला उठायचं तर रात्री ९च्या आत डोळा लागायला हवा.

तरीही मूल जागंच राहत असेल तर दुपारची झोप पाहा: अर्धा तास पुरे, तीही ३ वाजायच्या आत. रविवारी ‘झोपू दे बिचाऱ्याला’ म्हणून १० वाजेपर्यंत झोपू दिलं की आठवड्याची मेहनत वाया जाते. वरच्या मजल्यावर राहत असाल तर तापलेला स्लॅबही एक कारण असतो. झोपण्याच्या तासभर आधी कोमट पाण्याने अंघोळ घाला आणि त्याच वेळी मोबाइल बाजूला ठेवा.

बूट मागच्या वर्षीच्या नंबरवर किंवा ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका. सैल बुटात टाच वरखाली होते आणि फोड येतात. दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून माप संध्याकाळी घ्या. मोजे घालून मुलाला कागदावर उभं करा आणि दोन्ही पायांची रेघ आखा. मोठ्या पायाच्या सर्वांत लांब बोटापुढे १ सेंटिमीटर जागा हवी. बूट भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला आणि पंख्याखाली ठेवा. हीटरजवळ किंवा गॅसजवळ वाळवले तर सोलचा गोंद सुटतो.

मुंबई परिसरात मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून आहे, म्हणजे शाळेच्या पहिल्याच दिवशी रेनकोट लागू शकतो. दुकानात नुसता अंगावर घालून पाहणं ही हमखास होणारी चूक. भरलेलं दप्तर पाठीवर असताना पुढची बटणं लागतात का ते पाहा. लांबी गुडघ्याच्या जरा खाली असावी. घोट्यापर्यंत आलेला रेनकोट बसच्या पायरीवर पायात येतो. टोपी डोळ्यांवर उतरत असेल तर रस्ता ओलांडताना बाजूची गाडी दिसत नाही. घरी आणल्यावर तो उलटा करून खांद्याच्या शिवणीवर तांब्याभर पाणी ओता. पाणी झिरपलं तर लगेच बदलून आणा.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, असं २०२०चं दप्तर धोरण सांगतं. २५ किलोच्या मुलाला २.५ किलो. वजनकाट्यावर आधी दप्तरासह, मग दप्तराशिवाय उभं करून फरक काढा. १ लिटरची भरलेली बाटलीच किलोभर होते. शाळेत पिण्याचं चांगलं पाणी असेल तर अर्ध्या लिटरची द्या.

गरम पोळी-भाजी डब्यात भरून लगेच झाकण लावू नका. आतल्या वाफेचं पाणी होतं, पोळी ओली पडते आणि दमट हवेत भाजी लवकर आंबते. ताटात १० मिनिटं निवू द्या, मग भरा. ओल्या खोबऱ्याची चटणी दुपारपर्यंत टिकत नाही, ती घरी खायला ठेवा. झाकणाची रबरी रिंग रोज काढून धुवा. बुरशी तिथेच धरते.